अणू, रेणू, कक्षक : एका चित्रलिपीचे वाचन

रामटेकहून मनसरला येऊन जबलपूरचा महामार्ग धरला की तासाभरात माणूस सिवनी जिल्ह्यात, म्हणजे हिंदीच्या मुलखात पोचतो. या छोट्या प्रवासात शास्त्राचा एक शब्द गुपचूप आपला अर्थ बदलतो. रामटेकच्या मराठी शाळेत अ‍ॅटम म्हणजे ‘अणू’, आणि अणू एकत्र येऊन बनतो तो ‘रेणू’. सिवनीच्या शाळेत अ‍ॅटमला ‘परमाणु’ म्हणतात आणि ‘अणु’ हा शब्द आपल्या रेणूसाठी राखून ठेवलेला असतो. त्यामुळे मराठीत ‘आण्विक’ म्हटले की वाचकाला अणुभट्टी किंवा अण्वस्त्र आठवते. हिंदी पाठ्यपुस्तकातला ‘आण्विक कक्षक’ मात्र रेणूविषयी बोलत असतो. नागपूरच्या जुन्या पुस्तकबाजारात हिंदी आणि मराठी पुस्तके एकाच गठ्ठ्यात मिळतात. या दोन शब्दांच्या अदलाबदलीची पूर्वसूचना ती पुस्तके देत नाहीत.

दोन्ही भाषांनी हे शब्द वैशेषिकांच्या घरातूनच उचलले आहेत. कणादाच्या परंपरेत परमाणू हा अविभाज्य, दोन परमाणूंचे द्व्यणुक, आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक; कवडशात तरंगताना दिसणारा धूलिकण तो हाच, त्याला त्रसरेणू असेही नाव आहे. हिंदीने परमाणू तळाशी ठेवला आणि अणू त्याच्या वर बसवला. मराठीने अणूलाच तळाशी नेले आणि त्याच्या वरच्या पायरीसाठी धुळीचा ‘रेणू’ आणला. दोन्ही व्यवस्था आपापल्या जागी निर्दोष आहेत. अडचण येते ती सीमेवरच्या विद्यार्थ्याला.

प्रस्तुत लेखाचा विषय हा ‘कक्षक’ आहे. रसायनशास्त्र हे प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र नव्हे. चिन्हे कशी वाचली जातात, हे मात्र भाषेच्या अध्यापकाच्या क्षेत्राबाहेरचे नाही. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पुस्तकात कार्बनच्या अणूंभोवती फुग्यांसारख्या, डंबेल्ससारख्या आकृत्या काढलेल्या असतात. त्यांतला अर्धा भाग काळा भरलेला आणि अर्धा कोरा, किंवा एकावर अधिक आणि दुसऱ्यावर उणे असे चिन्ह. इंग्रजीत त्यांना मॉलिक्युलर ऑर्बिटल म्हणतात. मराठीत ‘रेणवीय कक्षक’ म्हणता येईल. अकरावीच्या रासायनिक बंधाच्या प्रकरणात विद्यार्थ्याची त्यांच्याशी पहिली ओळख होते आणि पदवीपर्यंत ती सुटत नाही. योगायोग असा की ज्या वर्षी हे चित्र समोर येते त्याच वर्षी मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या हातून मराठी सुटते, कारण विज्ञानशाखेत अकरावीपासून माध्यम इंग्रजी असते. आता पुष्कळ शाळांतून सेमी-इंग्रजीमुळे हा धक्का आधीच बसून जातो, एवढाच फरक. चित्र कळले नाही तर विद्यार्थी आणि पालक दोघेही दोष इंग्रजीला देतात. हा निदान चुकीचा रोग धरणे आहे, असे माझे मत आहे. ते का, हे पाहण्यासाठी या शब्दांचा आणि चित्रांचा थोडा इतिहास उलगडावा लागेल.

शब्दांच्या बाजूने सर्वांत धाडसी प्रयत्न नागपुरातच झाला. डॉ. रघुवीर हे मूळचे रावळपिंडीचे संस्कृत पंडित. लाहोरला त्यांनी उभारलेली संस्था १९४६च्या सुमारास नागपूरला आली. त्या वेळी नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती, आणि रविशंकर शुक्लांच्या सरकारला कारभारासाठी व शिक्षणासाठी देशी परिभाषा हवी होती. रघुवीरांचा सिद्धांत सरळ होता : संस्कृतचे धातू, उपसर्ग आणि प्रत्यय एवढ्या सामग्रीतून जगातली कोणतीही शास्त्रीय संज्ञा घडवता येते, आणि ती घडवताना मूळ संज्ञांमधली नातीही राखता येतात. त्यांच्या कोशात ऑक्सिजन ‘जारक’ झाला, हायड्रोजन ‘उदजन’, नायट्रोजन ‘भूयाति’, कार्बन ‘प्रांगार’ आणि कार्बन डायऑक्साइड ‘प्रांगार द्विजारेय’. यावर तेव्हाही विनोद झाले आणि आजही होतात. पण मराठी माणसाने फार हसू नये. आपल्या जुन्या पुस्तकांतून याच वायूचे नाव ‘कर्बद्विप्राणिद’ असे छापले जात होते. त्यातला ‘कर्ब’ आज शेतकऱ्याच्या माती परीक्षणाच्या अहवालात ‘सेंद्रिय कर्ब’ म्हणून सुखाने नांदतो आहे. कोणता शब्द जगेल आणि कोणता मरेल हे व्याकरण ठरवत नाही.

१९५६ साली राज्यपुनर्रचनेत नागपूरचे राजधानीपण गेले आणि रघुवीरांची संस्थाही दिल्लीला गेली. १९६१ साली केंद्राचा परिभाषा आयोग स्थापन झाला. त्याने मूलद्रव्यांची आंतरराष्ट्रीय नावे तशीच ठेवण्याचे धोरण स्वीकारले. जारक आणि भूयाति मागे पडले. १९६८ च्या सुमारास केंद्राने विद्यापीठीय पुस्तके प्रादेशिक भाषांतून काढण्यासाठी प्रत्येक राज्याला एक कोटी रुपयांची योजना आखली, आणि महाराष्ट्रात त्या कामासाठी जे विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ झाले त्याचे ठिकाणही नागपूरच होते. सत्तरच्या दशकात या मंडळाने काढलेली मराठी पुस्तके अजूनही महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत धूळ खात का होईना, पण आहेत. एकंदरीत, रामटेकपासून पन्नासेक किलोमीटरच्या आत शास्त्रीय शब्दांवर जेवढे काम झाले तेवढे महाराष्ट्रात इतरत्र क्वचितच झाले असेल.

तरीही त्या सगळ्या कामाला एका गोष्टीचे भान नव्हते, आणि ते असण्याचे कारणही नव्हते. रसायनशास्त्र नेमके त्याच काळात शब्दांकडून चित्रांकडे सरकत होते.

आधी ‘ऑर्बिटल’ हा शब्द पाहू. १९२६ साली श्रोडिंगरचे तरंगसमीकरण आले आणि केंद्राभोवती ग्रहासारखा फिरणारा इलेक्ट्रॉन शास्त्रातून बाद झाला. कक्षा उरली नाही; उरले एक गणिती फलन, ज्याच्या वर्गावरून इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती ते काढता येते. वर्गाचा हा अर्थ माक्स बॉर्नने त्याच वर्षी सुचवला. या फलनाला दर वेळी ‘एका इलेक्ट्रॉनचे कक्षीय तरंगफलन’ म्हणणे कंटाळवाणे होते, म्हणून १९३२ साली अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट मलिकन याने विशेषणाचेच नाम केले : नुसते ‘ऑर्बिटल’. कक्षा नाही, पण कक्षेची आठवण शब्दात शिल्लक. हिंदी परिभाषेने त्याला ‘कक्षक’ म्हटले. ते घडवणाऱ्यांच्या मनात काहीही असो, शब्द मोठा नेमका आहे. पाणिनीय व्याकरणात ‘क’ हा प्रत्यय प्रतिकृतीच्या अर्थानेही येतो. अश्वक म्हणजे घोडा नव्हे, घोड्याची प्रतिकृती. त्या न्यायाने कक्षक म्हणजे कक्षा नसलेली पण कक्षेसारखी मानलेली गोष्ट. इंग्रजी शब्दापेक्षा हा शब्द अधिक प्रामाणिक आहे. पण तो शिकवताना प्रत्ययाचा अर्थ कोणी सांगत नाही, आणि ‘कक्ष’ म्हणजे खोली एवढेच मुलांना माहीत असते. मग इलेक्ट्रॉन खोलीत राहतो, प्रत्येक खोलीत दोघे राहतात, असे चित्र डोक्यात पक्के होते. इलेक्ट्रॉन मोजण्यापुरते ते चालते. त्याच्या पुढे नेत नाही.

पुढे नेणारी गोष्ट म्हणजे ते अधिक-उणे. हायड्रोजनचे दोन अणू जवळ आले असे समजा. प्रत्येकाचे एक तरंगफलन. दोन्ही एकाच चिन्हाची असतील तर मधल्या जागेत बेरीज होते : एक अधिक एक बरोबर दोन, आणि दोनाचा वर्ग चार. म्हणजे दोन केंद्रांच्या मधोमध इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता वाढते, आणि त्यातूनच बंध जुळतो. चिन्हे विरुद्ध असतील तर मधोमध एक उणे एक, शून्य. तिथे इलेक्ट्रॉन सापडतच नाही. त्या शून्याच्या प्रतलाला नोड म्हणतात. (आकडे अर्थातच समजण्यापुरते आहेत.) दोन फलने घातली, दोनच बाहेर आली : एक जोडणारे, एक तोडणारे. सगळ्या रेणवीय कक्षकांचे मूळ व्याकरण एवढेच आहे. यातले ‘तोडणारे’ म्हणजे अँटीबाँडिंग. त्याचे मराठीत सरळ भाषांतर करायला गेलो तर ‘प्रतिबंधक’ होईल, आणि वाचकाला लस आठवेल! हिंदीने बंधाला ‘आबंध’ करून ‘प्रतिआबंधी’ असा उपसर्गाने वळसा घेतला. मराठीत साधे ‘बंधविरोधी’ बरे.

आता हे अधिक-उणे कसले? विद्यार्थी हमखास त्याला विद्युतभार समजतो, आणि ते स्वाभाविक आहे. दहावीपर्यंत रसायनाच्या पुस्तकात अधिक-उणे भेटले ते आयनांच्या डोक्यावर. पण इलेक्ट्रॉन सर्वत्र ऋणभारितच असतो. त्याच्या एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण कसे असेल? साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही जागा ओळखीची वाटावी. मुख्यार्थाचा बाध झाला. म्हणजे आता लक्षणा. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे म्हटल्यावर प्रवाहावर घरे असू शकत नाहीत, म्हणून आपण ‘गंगेच्या काठावर’ असा अर्थ घेतो. त्यासाठी मम्मटाने सांगितलेल्या तिन्ही अटी इथे लागू पडतात. मुख्यार्थ अडतो. त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ हाताशी असतो : तरंगाचा माथा आणि तरंगाचा तळ, बीजगणितातले धन आणि ऋण. आणि प्रयोजनही असते : बंध जुळेल की नाही हे चित्रावरूनच सांगता येते. भौतिकशास्त्राच्या मराठी परिभाषेत तरंगाच्या या अवस्थेला ‘कला’ म्हणतात, चंद्राच्या कलेवरून. एकट्या फलनाचा वर्ग केला की चिन्ह पुसून जाते, म्हणून एकट्याच्या चित्रात अधिक कुठे आणि उणे कुठे याला काहीच अर्थ नाही. दोन्ही अदलाबदल केली तरी चित्र तेच. अर्थ येतो तो दुसऱ्याच्या सान्निध्यात. मर्ढेकरांच्या लयतत्त्वातल्या संवादलयीची आणि विरोधलयीची इथे आठवण होणे अपरिहार्य आहे. ती आठवणच राहू द्यावी, समीकरण करू नये.

एरिख ह्युकेल याने १९३१ साली बेंझीनवर ही रीत चालवून दाखवली. बेंझीनच्या कड्याची षटकोनी आकृती १८६५ पासून ऑगस्ट केकुलेच्या नावाने होती. त्यातले एकाआड एक दुहेरी बंध मात्र प्रयोगाशी जुळत नव्हते, सहाही बंध सारखेच निघत. ह्युकेलने सहा कार्बनांची सहा फलने एकत्र घेतली आणि सहा रेणवीय कक्षक काढले, तीन खालचे आणि तीन वरचे. सहा इलेक्ट्रॉन खालच्या तिघांत नेमके बसतात, म्हणून बेंझीन इतके स्थिर. पण हे काम पदार्थविज्ञानाच्या जर्मन नियतकालिकात, गणिताच्या भाषेत आले. प्रयोगशाळेतल्या सेंद्रिय रसायनज्ञाने ते वाचले नाही. त्याच्याकडे पॉलिंगची संस्पंदनाची भाषा होती, तीत बाणांनी काम भागत होते.

ही माणसे कक्षक काढायला शिकली ती नंतर, आणि तीही विद्यार्थ्यासारखी, गृहपाठ करून. १९६१ साली अमेरिकेत दोन पुस्तके आली : स्ट्राइटवीझरचे जाडजूड, आणि जॉन रॉबर्ट्सचे वहीसारखे छोटे, गणिते सोडवून घेणारे. नामवंत प्राध्यापकांनी त्यातली उदाहरणे सोडवली. रामटेकच्या बी.एस्सी.च्या वर्गात बसलेल्या मुलाला हे अवश्य सांगायला हवे, की ज्या चित्रापुढे तो अडतो आहे तिथे त्याच्या विषयाची एक अख्खी पिढी तीस वर्षे अडली होती, आणि तिला इंग्रजी चांगले येत होते.

दरम्यान क्योटोला केनिची फुकुई याने १९५२ साली एक वेगळाच प्रश्न विचारला. आपल्या कपाटातली डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन. दोन षटकोन एका बाजूने जोडलेले, एकूण दहा कार्बन. त्यावर नायट्रिक अ‍ॅसिडची क्रिया केली की नवा गट मुख्यतः क्रमांक एकच्या कार्बनवर बसतो, क्रमांक दोनवर फार थोडा. का? ह्युकेलच्या गणिताप्रमाणे दहाही कार्बनांवर या इलेक्ट्रॉनांची एकूण घनता सारखीच, प्रत्येकी एक. एकूण पाहिले तर भेदच दिसत नाही. फुकुईने एकूण पाहणे सोडले आणि सर्वांत वरच्या भरलेल्या कक्षकाकडेच पाहिले. त्यात क्रमांक एकवर फलनाचे मूल्य ०.४२५ आहे आणि दोनवर ०.२६३, वर्ग केले तर साधारण ०.१८ आणि ०.०७. क्रिया होते ती सीमेवरच्या इलेक्ट्रॉनांकडून. या वरच्या भरलेल्या कक्षकाला आता ‘होमो’ आणि त्याच्या लगतच्या रिकाम्याला ‘लुमो’ असे आद्याक्षरी नाव आहे. फुकुईने त्यांना सीमावर्ती म्हटले. चित्रात या आकड्यांचे काय होते? फुगा लहान-मोठा काढतात. पुष्कळ मुले सगळे फुगे एकाच मापाचे काढतात आणि गुणही मिळतात, कारण तपासणारा नोड मोजतो. आणि फुकुईला जे दिसले ते नेमके तिथेच हरवते.

चिन्हांचा सर्वांत मोठा विजय १९६५ सालचा. हार्वर्डचा रॉबर्ट वुडवर्ड ब-१२ या जीवनसत्त्वाच्या संश्लेषणात गुंतला होता. त्यात एका क्रियेत कार्बनसाखळीची दोन टोके जुळून कडे होत होते, आणि टोके वळण्याची दिशा अपेक्षेच्या उलट निघत होती. तापवले तर एक दिशा, प्रकाश टाकला तर दुसरी. त्याने तरुण रोआल्ड हॉफमनला बरोबर घेतले आणि दोघांनी उत्तर दिले ते चित्राने. चार कार्बनांच्या ब्यूटाडाईनचे उदाहरण घ्या. चार फलनांतून चार कक्षक; ताणलेल्या तारेसारखे, सर्वांत खालच्यात एकही आडवा नोड नाही, मग एक, मग दोन, मग तीन. चार इलेक्ट्रॉन खालच्या दोघांत. वरच्या भरलेल्या कक्षकात एक नोड आहे, म्हणून त्याच्या दोन टोकांच्या वरच्या फुग्यांची चिन्हे विरुद्ध. समान चिन्हे भेटायला हवीत तर दोन्ही टोकांनी एकाच दिशेने, दोन्हींनी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे किंवा दोन्हींनी उलट, वळले पाहिजे. तापवल्यावर हेच होते. प्रकाशाने एक इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर गेला की तिथे दोन नोड. टोकांची चिन्हे समान. आता टोकांनी एकमेकांच्या विरुद्ध दिशांना वळावे लागते. प्रयोगात तसेच घडते. यात एकही आकडा लागला नाही. कागद, पेन्सिल आणि दोन चिन्हे.

या कल्पनेच्या श्रेयावरून पुढे वाद झाला. इलायस कोरी याने २००४ साली जाहीरपणे सांगितले की मूळ विचार आपण १९६४ मध्ये वुडवर्डला दिला होता. हॉफमनने त्याला उत्तर दिले. तोवर वुडवर्डला जाऊन पंचवीस वर्षे झाली होती, तेव्हा त्या वादाचा निकाल लागण्यासारखा नव्हता. वुडवर्ड १९७९ साली वारला म्हणून १९८१ चे नोबेल फुकुई आणि हॉफमन यांना मिळाले. आमच्या वाचकांना हॉफमनविषयी एक गोष्ट कळायला हवी : हा माणूस कवी आहे. १९३७ साली तेव्हाच्या पोलंडमध्ये, ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील नाझींनी मारले. आई आणि मुलगा युद्धकाळात एका शाळेच्या माळ्यावर लपून राहिले. त्याचे कवितासंग्रह आहेत, कार्ल जेरासीबरोबर लिहिलेले ‘ऑक्सिजन’ हे नाटक आहे. चिन्ह आणि वस्तू यांच्यातले अंतर तो रसायनातही जपून वापरतो, याचे मला नवल वाटत नाही.

१९७३ साली सालेम आणि यॉर्गेनसेन यांनी शंभरावर रेणूंचे कक्षक संगणकाकडून रेखून घेऊन पुस्तकरूपाने छापले, आणि हाताने काढलेल्या फुग्यांच्या जागी जाळीदार त्रिमितीय आकार आले. नंतर रंग आले. आज साध्या संगणकावर कुणालाही लाल-निळे कक्षक पाहता येतात, आणि इथे जुना घोटाळा नव्या वेषात परत येतो. कारण लाल-निळ्या रंगांचे दुसरेही एक चित्र याच पुस्तकांत असते, ते विद्युतविभवाचे. त्यात लाल म्हणजे ऋण, इलेक्ट्रॉनांनी समृद्ध भाग, आणि निळा म्हणजे धन. तिथे रंगाचा अर्थ भाराशीच बांधलेला आहे. कक्षकाच्या चित्रात लाल-निळे म्हणजे कला, आणि ते अदलाबदल केले तरी चालतात. एकाच पानावर, एकाच रंगांत, दोन लिप्या! रामटेकच्या आणि सिवनीच्या ‘अणू’सारखेच हे झाले.

या दुसऱ्या चित्राच्या अभ्यासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, आणि मराठीत त्याची फारशी वाच्यता नाही. पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेणूंच्या विद्युतविभवाचा भूगोलच मांडला : शिखरे कुठे, दऱ्या कुठे, खिंडी कुठे. राजीव पाठक आणि गद्रे यांनी १९९० साली सिद्ध केले की या विभवाचे शिखर अणुकेंद्राखेरीज दुसरीकडे कुठेही असूच शकत नाही. दऱ्या मात्र असतात, आणि बाहेरचा धनभारित कण कुठे ओढला जाईल ते त्या सांगतात. गद्रे यांना १९९३ चा भटनागर पुरस्कार मिळाला. २००० साली राजेंद्र शिरसाट यांच्याबरोबर त्यांनी या विषयावर इंग्रजी पुस्तक लिहिले. महत्त्वाचा मुद्दा असा की इलेक्ट्रॉनांची घनता आणि तिच्यावरून येणारे विभव ही क्ष-किरणांच्या प्रयोगातून मिळवता येणारी राशी आहे. कक्षक तसा नाही.

मग कक्षक खरा आहे का? मिथेन पाहा, गोबरगॅसमधला मुख्य वायू. एक कार्बन, चार हायड्रोजन. पुस्तकात चार अगदी सारखे बंध काढलेले असतात, आणि रेणूचा आकार तसाच सममित आहे. पण प्रकाशाने इलेक्ट्रॉन उपटून त्याला लागणारी ऊर्जा मोजली तर बाहेरच्या आठ इलेक्ट्रॉनांसाठी दोन वेगळे पट्टे मिळतात, एक साधारण १४ आणि दुसरा २३ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. चार सारखे बंध असतील तर एकच हवा होता. रेणवीय कक्षकांची मांडणी सांगते : एक खालचा, तीन सारखे वरचे, म्हणून दोन पट्टे. मग चार बंधांचे चित्र खोटे? तसेही नाही. एका मांडणीतून दुसरी गणिताने मिळते आणि दोहोंची एकूण घनता तंतोतंत एकच येते. एकाच श्लोकाचे दोन अन्वय लावावेत आणि दोन्ही व्याकरणाला धरून असावेत, तसे हे आहे. कोणता लावायचा ते आपण काय विचारतो आहोत त्यावर ठरते. १९९९ साली ‘नेचर’मध्ये कक्षकाची छबी मिळाल्याचा गाजावाजा झाला, तेव्हा एरिक सेरी याने आक्षेप घेतला की दिसली ती घनता; कक्षक दिसू शकत नाही. २००४ साली कॅनडातल्या प्रयोगातून नायट्रोजन रेणूच्या होमोचे चित्र, चिन्हांसकट, पुन्हा ‘नेचर’मध्येच छापून आले, आणि वाद पुन्हा पेटला.

रामटेकचा उल्लेख करताना इथे दोन मोह होतात. एक नागार्जुनाचा : जवळच्या एका टेकडीला त्याचे नाव आहे, आणि लोकपरंपरेने माध्यमिक दर्शनाचा आचार्य व रसशास्त्री अशा दोन नागार्जुनांना एकच करून टाकले आहे. त्या पाऱ्याचा आणि या चित्रांचा धागा जोडणे ही ओढाताण होईल. दुसरा मोह मेघाचा, आणि तो मला आवरत नाही. रामगिरी म्हणजे रामटेकच, हे वा. वि. मिराशींनी आग्रहाने मांडले. मल्लिनाथाने तो चित्रकूट मानला होता. पण यक्ष जिथे कुठे उभा असेल तिथे, मेघाला निरोप सांगण्याआधी कवी स्वतःच थांबून सांगतो की धूर, प्रकाश, पाणी आणि वारा यांचा हा गोळा निरोप काय नेणार. विरहाने व्याकुळ झालेल्याला चेतन-अचेतन भेद उरत नाही. रूपक उभे करण्यापूर्वी त्याचे घटक उघडे करून दाखवणे आणि मग निःशंकपणे त्याच्यावर पूर्ण काव्य उभारणे. ‘इलेक्ट्रॉन मेघ’ हा शब्द आमच्या पुस्तकांतून सर्रास येतो. तो कशाचा बनला आहे ते सांगण्याची ही पहिली पायरी मात्र गाळली जाते.

वर्गात ती पायरी घालायला इंग्रजी लागत नाही आणि रघुवीरांचा कोशही लागत नाही. कंपासपेटी पुरते. आर्थर फ्रॉस्ट आणि बोरिस मुसुलिन यांनी १९५३ साली एक युक्ती दिली : वर्तुळ काढा, त्यात षटकोन असा बसवा की एक शिरोबिंदू अगदी तळाशी येईल. मग शिरोबिंदू ज्या-ज्या उंचीवर वर्तुळाला टेकतात त्या बेंझीनच्या सहा कक्षकांच्या ऊर्जेच्या पायऱ्या : तळाला एक, त्यावर दोन, मग मध्यरेषेच्या वर दोन, माथ्यावर एक. सहा इलेक्ट्रॉन दोन-दोन करून भरले की खालचे तीन भरतात आणि वरचे रिकामे राहतात. आता षटकोनाच्या जागी चौकोन घ्यावा, एक कोपरा तळाशी. चार इलेक्ट्रॉन भरायला लागले की दोन तळाला जातात आणि उरलेले दोन मध्यरेषेवर, एकेका कोपऱ्यात एकटे राहतात. चार कार्बनांचे ते कडे बाटलीत भरून का ठेवता येत नाही, याचे उत्तर त्या वर्तुळात आहे.